हात वर, पाय मागे

काचवाल्याच्या घरी जेवताना कुणाच्या हातून पेला निसटला, की पाहुण्यांची फुकटात करमणूक व्हायची. घरातले सगळे एकदम हात वर करून मागे सरकायचे, पोलिसांची धाड पडल्यासारखे. पेला स्टीलचा असो नाहीतर प्लास्टिकचा, हात वर म्हणजे वर. तो ठणठणत कोपऱ्यात जाऊन गप्प बसला की मगच हात खाली यायचे आणि जेवण पुढे चालू व्हायचं. पाहुणे हसून हसून बेजार व्हायचे. घरच्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही.

ही शिस्त आप्पांची. आप्पा म्हणजे काचवाल्याचे वडील आणि गुरूही. तरुणपणी हातातून सुटलेली काच त्यांनी धरू पाहिली आणि उजव्या हाताची दोन बोटं जन्माची ताठ करून घेतली. तेव्हापासून त्यांनी डोक्यात एकच धरलं होतं. मुलाला धंद्यात घेतलं तेव्हा कापणं, घासणं, बसवणं सगळं नंतर. आधी हे. पडणारी काच धरायची नाही. हात वर, पाय मागे. मुद्दाम तुकडे पाडायचे आणि पोराचा हात जरा पुढे आला की लाकडी पट्टी सपकन बोटांवर. पोरगं रडायचं. आप्पा म्हणायचे, "रड. बोटं दहाच्या दहा आहेत ना? मग खुशाल रड." काच पडली तर दुसरी आणता येते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. काचवाल्याची दहाही बोटं आज शाबूत होती ती त्या पट्टीच्या कृपेने.

काचवाल्याने तेच आपल्या मुलीला शिकवलं, पण पट्टीशिवाय, लाडीगोडीने. मुलगी सहा वर्षांची. तोंडाला क्षणाची विश्रांती नाही म्हणून सगळे तिला टिटवी म्हणायचे. आजोबा दुरून "हात वर!" असं नुसतं ओरडले की ती हातातला घास टाकून दोन्ही हात वर करायची आणि खिदळायची. तिला तो खेळच वाटायचा.

या सगळ्यात एकटी बायको काय ती वाया गेलेली. ती पाळणाघरात कामाला होती. तिथे दिवसभर पोरं पलंगावरून, घसरगुंडीवरून, एकमेकांच्या अंगावरून पडायची आणि ही त्यांना झेलायची. तिचे हात आपोआप पुढे जायचे. लग्न झाल्यावर आप्पांनी तिला सुधारायचा प्रयत्न केला आणि आठवड्याभरात सोडून दिला. "सूनबाई, तू दुकानात पाय ठेवू नकोस, एवढं कर माझ्यासाठी," म्हणाले.

दुकान खाली, घर वर. उंच काचा उभ्या राहाव्यात म्हणून दुकानाचं छत चांगलं दुप्पट उंच होतं, आणि ते छत म्हणजेच वरच्या घराची लाकडी जमीन. वर पत्रे. बाहेरच्या भिंतीला लोखंडी जिना. दुकानाच्या मागच्या अंगाला काचेच्या कडा घासायची एक छोटी खोली होती, तेवढीच काय ती पक्क्या स्लॅबची, बिनखिडकीची. गुडघे गेल्यापासून आप्पा जिना चढत नसत. ते त्या खोलीतच झोपायचे.

वादळाचा इशारा दुपारपासून मोबाईलवर वाजत होता. गल्लीतले शहाणे लोक संध्याकाळीच खालच्या मजल्यांवर उतरले. काचवाल्याने मात्र हट्टाने घरच्यांना वरच ठेवलं. "खाली काचांचं जंगल आहे," तो म्हणाला. "एक घोडी कलंडली तर आपला चुरा होईल." घोडी म्हणजे काचा तिरप्या टेकवून ठेवायचा लाकडी सांगाडा. दुकानात अशा घोड्या भिंतीभर होत्या. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त वरच्या पत्र्यांचा त्याने विचार केला नव्हता. त्याला काचेची भीती ठाऊक होती, वाऱ्याची नव्हती.

शिडी लावून त्याने बाहेरून खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. आतून बायकोने काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारायला लावल्या. चिकटपट्टीने काच फुटायची थांबत नाही हे त्याच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं, पण बायको म्हणाली लावा, म्हणून लावली. घाईत शिडी मात्र बाहेरच राहिली.

"आप्पांना एकटं ठेवायचं का खाली?" बायको म्हणाली.

"ते ऐकतील तर शपथ. मी सांगून पाहिलं. म्हणाले, माझ्या डोक्यावर स्लॅब आहे, तुझ्या डोक्यावर पत्रा आहे, तू तुझं बघ."

म्हातारा बरोबर बोलला होता. पण घरात म्हातारे बरोबर बोलतात तेव्हा कोण ऐकतं?

दिवे गेले ते जेवण आटोपता आटोपता. मग वारा आला. आधी शिट्टी, मग आरडाओरडा, आणि मग असा एकसुरी घुमणारा आवाज की कान दुखायला लागले. तिघं स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली. टिटवी मध्ये. तिची टकळी चालू होती. वारा कुठून येतो, त्याला घर असतं का, तो दमत कसा नाही. काचवाला हो-ला-हो करत होता. मग तिने विचारणं थांबवलं. टिटवी गप्प झाली हे कळलं तेव्हा काचवाल्याने तिला जवळ ओढलं. आवाजापेक्षा त्याला त्या गप्प बसण्याची भीती वाटली.

बाहेर काहीतरी प्रचंड आदळलं. अख्खं घर हादरलं. त्याने दार इंचभर उघडून टॉर्च मारला. शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी जिन्यावर येऊन पडली होती. जिना भिंतीपासून सुटून वाकडा होऊन लोंबत होता. त्याने दार लोटलं आणि कडी घातली. ती बसायला तीन खेपा लागल्या.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"जिना गेला."

मुलीसमोर बोलायचं नाही एवढं दोघांनाही कळत होतं. पण टिटवीला डोळे होते की. तिने आईच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं, ही सवय तिने दोन वर्षांपूर्वीच सोडली होती.

आणि मग डोक्यावरचा पत्रा बोलायला लागला. आधी एक टोक उचललं जायचं आणि धाडकन बसायचं. उचललं जायचं, बसायचं. प्रत्येक वेळी वर काळ्या आभाळाची फट दिसायची आणि पाणी घरात भस्सकन यायचं. काचवाला वर बघत होता आणि मनात म्हणत होता, बस, आता बसलास ना, बसून राहा बाबा. पत्रा काही ऐकत नव्हता. पाचव्या-सहाव्या खेपेला तो उचलला गेला तो बसलाच नाही. पानासारखा निघून गेला. त्याच्या शेजारचा थरथरायला लागला.

"खाली!" काचवाला ओरडला. "झाकणातून!"

स्वयंपाकघराच्या जमिनीला एक चौकोनी झाकण होतं. पूर्वी वर राहणारा कुणी त्यातून दुकानात माल सोडायचा. त्यांनी ते वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. आता दोघांनी मिळून ते उपटून काढलं. खाली काळाकुट्ट अंधार, आणि पुट्टीचा ओळखीचा वास. शटर धडाधड वाजत होतं, आणि त्या आवाजाखाली बारीक, किणकिणता दुसरा आवाज. सगळ्या काचा एकदम थरथरत होत्या.

"मी आधी उतरतो. मग तू हिला सोड. मी धरतो."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे काय? मी धरतो."

तो कडेला लोंबकळला आणि हात सोडले. डावा पाय वाकडा पडला, घोट्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. पण कळ बघायला वेळ कुणाला होता? भिंतीशी काचेच्या पेट्यांतलं गवत पडलेलं होतं, ते त्याने लंगडत लंगडत झाकणाखाली ओढलं. दुकानाच्या मधोमध कापायचं मोठं टेबल होतं. ते ओढून आणावं असं त्याच्या मनात आलं, पण टेबलावर एका शोरूमची अख्खी दर्शनी काच पसरलेली होती, एकट्याने उचलून बाजूला ठेवता येणारी नव्हे. आणि पोरीला धरायला टेबल कशाला? वीतभराचं तर अंतर उरणार होतं.

मागच्या खोलीचं दार उघडलं. आप्पा टॉर्च घेऊन दारात उभे होते. "कोण आहे रे?"

"मीच. टिटवीला खाली घेतोय. उजेड धरा."

वर बायको पालथी झोपली होती. तिने टिटवीला दोन्ही मनगटांना धरून झाकणातून खाली सोडलं. टॉर्चच्या उजेडात पोरीचे अनवाणी पाय लोंबत होते. काचवाल्याने टाचा उचलून हात वर ताणले. त्याच्या बोटांमध्ये आणि तिच्या तळपायांमध्ये खरंच वीतभर अंतर होतं.

"बाबा, धरताय ना?"

"धरतोय. सोड गं!"

बायकोने सोडलं, आणि त्याच घटकेला त्याच्या उजव्या अंगाला कडाड्‌ करून एक काच फुटली.

"हात वर!" आप्पा ओरडले.

काचवाल्याचे वर ताणलेले हात झटक्यात फाकले. बाजूला आणि वर, दोन्ही. पाय मागे गेले, दुखरा सुद्धा. त्याने काही ठरवलं नाही, त्याच्या मनात काही आलं सुद्धा नाही. त्याची मुलगी त्याच्या डोळ्यांसमोरून, त्याच्या छातीपासून हातभर अंतरावरून खाली गेली आणि गवतावर आदळली. एक बारीक आवाज आला, काडी मोडल्यासारखा.

काच घोडीतल्या घोडीतच तडकली होती. त्याच्या अंगावर एक तुकडाही आला नव्हता.

वरून बायकोची किंकाळी आली. काचवाला गुडघ्यांवर कोसळला. "टिटवे! टिटवे!" टिटवीचे डोळे उघडे होते. डावा हात भलत्याच बाजूला वळलेला होता. श्वास घ्यायला तिला जरा वेळ लागला आणि त्या वेळात काचवाला मेला म्हणा, मेल्यात जमा झाला.

"काच होती ना?" ती म्हणाली. दातांवर दात वाजत होते.

"बाळा..."

"मग बरोबर केलंत, बाबा. धरायचं नसतं."

त्याला तिने रडायला हवं होतं. किंचाळायला हवं होतं, मारायला हवं होतं. ती नुसती त्याची समजूत काढत होती. त्याने तिला उचलायला हात घातला तर हात तिच्याजवळ जाऊन थांबले. आपल्याच हातांची त्याला किळस आली. तेवढ्यात आप्पा भिंत धरत धरत आले, त्यांनी टॉर्च बगलेत मारला आणि नातीला त्या ताठ बोटांच्या हातावर घेतलं.

"मी ओरडलो," आप्पा म्हणाले. "मी कशाला ओरडलो रे?" त्यांचा आवाज काचवाल्याने असा कधी ऐकला नव्हता. "माझी जीभ का नाही झडली?"

"आप्पा, तिला आत न्या. आधी आत न्या."

आप्पा तिला घेऊन गेले आणि टॉर्च दाराशी ठेवून परत आले. वर दुसरा पत्रा गेला. तिसराही गेला असावा, कारण आता झाकणातून पाऊस सरळ दुकानात पडत होता. बायको कडेला बसली होती, पाय खाली सोडून. केस तोंडावर चिकटलेले. तिच्यामागे काहीतरी मोठं, बहुतेक कपाट, जमिनीवरून घसरत गेलं आणि भिंतीवर आपटलं.

"कशी आहे ती?" तिने ओरडून विचारलं.

"हात मोडलाय. शुद्धीवर आहे. तू ये! मी धरतो!"

"बाजूला व्हा."

"अगं, एवढ्या उंचीवरून..."

"बाजूला व्हा म्हणते ना! मी गवतावर उडी टाकते."

"मी धरतो तुला!"

"मघाशीसुद्धा हेच म्हणालात," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तो काहीतरी बोलला असता. लग्नाला दहा वर्षं झाली होती. या बाईने त्याचं काय काय सहन केलं होतं, पण त्याच्या शब्दावर भरवसा नाही असं ती कधी म्हणाली नव्हती. आणि आज म्हणाली त्यात चूक काही नव्हतं. झेलण्याचा भरवसा त्याचा त्यालाच उरला नव्हता. पुन्हा एखादी काच कडाडली तर? हात परत वर जाणार नाहीत हे कुणाच्या जोरावर सांगायचं?

"आप्पा," तो म्हणाला, "टेबल. इकडे या, जोर लावा."

"त्यावर काच आहे."

"मला दिसतेय."

त्याने त्या काचेच्या कडेला दोन्ही तळवे लावले आणि ढकलली. अख्खी दर्शनी काच टेबलावरून घसरली, पलीकडे जाऊन पडली, आणि वादळातही ऐकू येईल असा आवाज झाला. आप्पांचे हात सवयीने वर गेले. मग त्यांनी ते खाली घेतले, टेबलाच्या कडेला लावले आणि उभ्या जन्मात लावला नसेल एवढा जोर लावला. पायांखाली तुकडे करकरत होते. टेबल इंचाइंचाने झाकणाखाली आलं. काचवाला गुडघे टेकत टेबलावर चढला, मग एका पायावर उभा राहिला.

"उडी टाकू नकोस!" त्याने वर ओरडून सांगितलं. "कडेला लोंबकळ. मी पाय धरेपर्यंत हात सोडायचे नाहीत. धरले की सांगेन, मग सोड."

ती बघत राहिली. किती वेळ ते देव जाणे. मग वळली आणि कडेला लोंबकळली. त्याने तिच्या पोटऱ्या मिठीत घेतल्या, गाल तिच्या गुडघ्यांवर दाबला आणि डोळे घट्ट मिटले. मागे कुठेतरी एक काच फुटली, मग दुसरी. हातांना झटका बसला, ते सुटायला बघत होते, त्याला स्पष्ट कळलं. त्याने स्वतःच्याच बाहीत दात रोवले.

"सोड," तो म्हणाला.

दोघं टेबलावर कोसळली, तिथून खाली. तिचा कोपर सोलला, त्याच्या तळव्यात तुकडा घुसला. पण धरलेलं सुटलं नाही. "चला," एवढंच ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता त्याचा दंड धरून त्याला मागच्या खोलीत ओढत नेलं.

खोली चार माणसांना पुरण्यासारखी नव्हती. घासायचं मशीन, आप्पांची खाट, पाण्याचं पिंप आणि ही चौघं. बायकोने पुठ्ठ्याचा तुकडा टिटवीच्या हाताला लावला आणि ओढणीने बांधला. पाळणाघरात शिकलेलं होतं सगळं. तेव्हा कुठे टिटवी रडली, आणि तिचं रडणं ऐकून बाकी तिघांच्या जिवात जीव आला. मग दुकानात शटर फाटलं. वारा आत घुसला आणि घोड्या एकामागून एक पडायला लागल्या. काय तो आवाज! आप्पांनी कानांवर हात ठेवले. त्यांची सगळी हयात बाहेर फुटत होती, पण ते नातीकडे बघत होते.

खोलीच्या दाराची कडी उखडली. दार आत फेकलं जायला लागलं. काचवाला उठायला गेला आणि पायावर भार पडताच खाली बसला. आप्पांच्याने ते रेटवणारं नव्हतं. बायको टिटवीला घेऊनच उठली. तिने दाराला पाठ लावली, पाय मशीनला टेकवले. दार तिला प्रत्येक झोताबरोबर पुढे ढकलत होतं आणि ती परत मागे रेटत होती. पण टिटवी तिच्या कडेवर होती. दोन्ही जमणारं नव्हतं.

तिने आप्पांकडे बघितलं. आप्पांचे हात लटलट कापत होते. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. तिने जो क्षणभर वेळ घेतला तो काचवाल्याने पुरता मोजला, आणि तो वेळ तिने घ्यायलाच हवा होता हेही त्याला कळलं.

"घ्या हिला," ती म्हणाली.

त्याने टिटवीला मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी कवटाळलं, मोडका हात सांभाळून, रक्ताचा तळवा तिच्या कपड्यांना लागू नये म्हणून उलटा करून. बाहेर काहीतरी कोसळलं आणि स्लॅबवरून माती गळली. टिटवी दचकली. तिचा धड हात अंधारात चाचपडत वर आला, त्याच्या शर्टाची बाही सापडली, तिथून छातीवर आला. तिने शर्टाचा बोळा करून मुठीत घेतला आणि एकदा ओढून बघितला, पक्का आहे का ते.

"तुम्ही नाही धरलंत तरी चालेल, बाबा," ती म्हणाली. "मी धरलंय."

दाराला पाठ लावून उभी असलेली बायको ते ऐकत होती. आप्पाही ऐकत होते. काचवाल्याने तिला आणखी जवळ घेतलं, आणखी घट्ट, आणि तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसून रडला. वारा घुमत राहिला. तासाभराने टिटवीला झोप लागली, मान त्याच्या खांद्यावर पडली, सगळं अंग सैल झालं. पण मूठ तेवढी सैल झाली नाही. उजाडेपर्यंत झाली नाही.